लहान जठर आणि जुनी सवय

दुर्ग जिल्ह्यात, अहिवाऱ्याजवळ, नंदिनी नगर ही खाणकामगारांची वसाहत आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लागणारी चुनखडी येथल्या खाणींतून निघते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. लोहखनिज डल्ली-राजहऱ्याचे आणि चुनखडी नंदिनीची, अशी या कारखान्याची जुनी जोडी आहे. लोहखनिजात मिसळलेला वाळूसारखा निरुपयोगी भाग चुन्याशी संयोग पावतो, त्याची धातुमळी बनून ती वर तरंगते आणि खाली लोखंडाचा रस उरतो. परंतु चुनखडी भट्टीत एकदा घातली म्हणजे कायमचे काम झाले, असे होत नाही. जितक्या वेळा खनिज, तितक्या वेळा चुनखडी, हा भट्टीचा नियम आहे.

नंदिनी नगर आणि भिलाई येथे मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत, यात नवल वाटावयास नको. १९५६ पर्यंत छत्तीसगढ आणि विदर्भ हे एकाच राज्याचे भाग होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. कारखाना उभा राहू लागला तेव्हा विदर्भातून माणसे आली, ती येथेच स्थिरावली. त्यांच्या घरी पोळ्याच्या सणाला पुरणपोळी होते आणि शेजारच्या छत्तीसगढी घरातून ठेठरी-खुरमीचे ताट येते. सकाळी पोहे, दुपारी वरणभात, संध्याकाळी चहाबरोबर आलूगुंडा किंवा मुर्रा आणि फरसाण, असा दोन्ही प्रांतांचा संगम या स्वयंपाकघरांत झालेला आहे. आजचा विषय अशाच स्वयंपाकघरातला आहे. देहाचा भार कमी करण्यासाठी जठरावर शस्त्रक्रिया करून घेतलेल्या माणसाने पुढे जेवावे कसे, आणि ते त्याला इतके अवघड का जाते, हा तो विषय होय.

अन्नाच्या टंचाईच्या आठवणी ज्या देशात अजून पुसलेल्या नाहीत, तेथे अतिभाराची चिंता कशाला, असे कित्येकांना वाटेल. पण २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकी २४ टक्के आणि त्याच वयोगटातील पुरुषांपैकी जवळजवळ २३ टक्के हे प्रमाणाबाहेर वजन असलेले आढळले. त्याआधीच्या पाहणीत हेच आकडे सुमारे २१ आणि १९ टक्के होते. शिवाय भारतीय शरीराची एक विशेष अडचण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले की, भारतीय बालक जन्मतः दिसावयास कृश असले तरी त्याच्या अंगात चरबीचे प्रमाण अधिक असते. २००४ मध्ये त्यांनी आपले आणि एका इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचेही वजन सारखेच होते. परंतु इंग्रज गृहस्थांच्या अंगात चरबी ९ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१ टक्के निघाली. त्यामुळे मधुमेहासारखे विकार आपल्याकडे तुलनेने कमी वजनावरच डोके वर काढतात.

स्थूलतेची चिंता आपल्या वैद्यकाला नवी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आठ निंद्य मानलेल्या शरीरप्रकारांचा एक अध्याय आहे. अतिस्थूल मनुष्य त्यात गणलेला असून, अतिस्थूलाची चिकित्सा अतिकृशापेक्षा कठीण आहे असा निर्वाळा तेथे दिलेला आहे. विमानस्थानात पोटाचे तीन भाग कल्पून एक घन अन्नासाठी, एक द्रवासाठी आणि एक वातपित्तकफांच्या संचारासाठी मोकळा ठेवावा असा उपदेश आहे. म्हणजे मात्रा सांभाळणे ही मनुष्याच्या विवेकाची गोष्ट मानली गेली होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शल्यवैद्यांनी वेगळा विचार केला. विवेक जर मात्रा सांभाळू शकत नसेल, तर पात्रच लहान करावे, असा तो विचार होता.

या कल्पनेचा प्रवास थोडक्यात असा. १९५४ च्या सुमारास अमेरिकेत मिनेसोटा येथे लहान आतड्याचा बराचसा भाग वगळण्याची शस्त्रक्रिया पुढे आली. तिने वजन घटे. परंतु अन्नरस शोषलाच न गेल्यामुळे जुलाब, यकृताचे विकार आणि कुपोषण मागे लागे. कालांतराने ती सोडून द्यावी लागली. आयोवा विद्यापीठातील डॉ. एडवर्ड मेसन यांच्या ध्यानात असे आले होते की, व्रणासाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन सहसा वाढत नाही. त्यावरून त्यांनी जठराचा वरचा लहानसा भाग वेगळा करून तो थेट आतड्याला जोडण्याची पद्धत बसविली आणि १९६७ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिला आज बायपास म्हणतात. पुढे जठराचा पाऊण हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक भाग उभा कापून काढण्याची आणि उरलेल्या भागाची अस्तनीसारखी नळी करण्याची पद्धत रूढ झाली. तिला स्लीव्ह असे नाव आहे. आता ही कामे पोट न उघडता, दुर्बिणीच्या साहाय्याने लहान छिद्रांतून होतात. नागपूरचे नितीन गडकरी हे भारतीय जनता पक्षाचे अध्यक्ष असताना, २०११ मध्ये, त्यांनी मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली. वृत्तपत्रांतून ती बातमी घरोघर पोचली आणि हा उपाय विदर्भातल्या सामान्य माणसाच्याही बोलण्यात आला.

ही शस्त्रक्रिया केवळ सौंदर्यासाठी नव्हे, हे मात्र स्पष्ट असावे. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो आकडा येतो, त्याला देहभार निर्देशांक म्हणतात. १९९१ मध्ये अमेरिकेत तज्ज्ञांच्या परिषदेने हा आकडा ४० किंवा त्याहून अधिक असल्यास, अथवा ३५ च्या वर असून मधुमेहासारखा विकार असल्यास, शस्त्रक्रियेचा विचार करावा असे ठरविले. २०२२ मध्ये या मर्यादा खाली आणल्या गेल्या आणि आशियातील लोकांसाठी त्या आणखी खालच्या असाव्यात असे मान्य झाले. शस्त्रक्रियेचा लाभही निर्विवाद आहे. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार माणसांची, न झालेल्या तितक्याच माणसांशी तुलना केली गेली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सरासरी अकरा वर्षांच्या काळात पहिल्या गटातील मृत्यूचा धोका, वय आणि इतर विकार जमेस धरता, सुमारे २९ टक्क्यांनी कमी भरला.

येथवर सर्व आशादायक आहे. खरी कसोटी शस्त्रक्रियेनंतर लागते. ती समजण्यासाठी एका गृहिणीचे कल्पित उदाहरण घेऊ. कल्पित असले तरी त्यातली प्रत्येक गोष्ट अनेक घरांत घडणारी आहे.

ही गृहिणी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. यजमान नंदिनीच्या खाणीत, तीन पाळ्यांच्या नोकरीत आहेत. तिची उंची १५५ सेंटीमीटर आणि वजन १०८ किलो, म्हणजे निर्देशांक ४५ आहे. मधुमेह आहे, गुडघे जिना चढू देत नाहीत. माहेर नागपूरचे असल्याने तिने तेथे जाऊन स्लीव्हची शस्त्रक्रिया करून घेतली. पहिले काही दिवस पाणी, ताक, डाळीचे निवळ पाणी. मग पातळ पदार्थ. मग घोटलेले, मऊ अन्न. आणि दीड-दोन महिन्यांनी साधे जेवण, अशा पायऱ्या तिने काटेकोरपणे पाळल्या. त्या काळात तिला नियम पाळावयास कष्ट पडले नाहीत. भूकच नव्हती. दोन-तीन चमचे उपमा खाल्ला तरी पोट भरल्याची जाणीव होई. वर्षभरात वजन ७८ किलोवर आले, मधुमेहाची गोळी सुटली, आणि ती देवीच्या टेकडीवर पायी चढून आली. सगळी वसाहत कौतुक करू लागली.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर तिने काट्यावर पाय ठेवला तेव्हा तो ८१ दाखवू लागला. उन्हाळ्यात ८४ झाला. मग तिने काट्यावर चढणेच सोडले. नागपूरच्या तपासणीची तारीख आली, तेव्हा तिने गावाला जावयाचे निमित्त सांगून ती चुकविली.

हे का घडले? पहिले कारण शरीरातच आहे. १९९९ मध्ये जपानमधील कोजिमा आणि कांगावा या शास्त्रज्ञांनी जठरातून निघणारे, भूक चाळविणारे एक संप्रेरक शोधून काढले. त्याला ग्रेलिन म्हणतात. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते. स्लीव्हमध्ये नेमका हाच भाग निघून जातो, म्हणून प्रारंभी भूक मंदावते. बायपासमध्ये अन्न लवकर खालच्या आतड्यात पोचते आणि तेथून तृप्तीची सूचना देणारी संप्रेरके अधिक प्रमाणात निघतात. परंतु शरीर स्वस्थ बसत नाही. वजन घटू लागले की ते त्याला दुष्काळ समजते, कमी इंधनावर चालू लागते आणि भुकेची हाक पुन्हा वाढविते. १९४४-४५ मध्ये मिनेसोटातच ॲन्सेल कीज यांनी छत्तीस निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. त्यानंतर पोटभर अन्न मिळू लागल्यावरही त्यांची खाखा कित्येक महिने शमली नाही. शस्त्रक्रिया या बंडाला पुष्कळ आवर घालते, परंतु ते कायमचे मोडून काढीत नाही. वर्ष-दीड वर्षाने भूक थोडी परत येते आणि जठरही थोडे सैलावते.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे, आणि ते कळले तर पुष्कळ अनर्थ टळेल. लहान झालेले जठर घन अन्नाला अडविते. भाकरी, उसळ, अंडे, पनीर, मांस यांचे चार घास झाले की छातीखाली दडपल्यासारखे होते. परंतु चहात बुडविलेले बिस्कीट, आइस्क्रीम, श्रीखंड, खीर, सरबत, तोंडात विरघळणारी शेव हे सर्व पदार्थ त्या अरुंद नळीतून विनासायास खाली सरकतात. त्यांनी पोट भरल्याची जाणीव होत नाही, आणि उष्मांक मात्र भरपूर जमा होतात. पुढच्या दारावर पहारा बसवावा आणि मागचे दार उघडे राहावे, तसा हा प्रकार आहे. विशेष असे की, माणूस आपण होऊन मागच्या दाराकडे वळतो. पोळीचा तुकडा घाईने गिळला की कळ येते, उलटी होते. बिस्कीट चहात बुडवून खाल्ले की काही होत नाही. दोन-चार वेळा असा अनुभव आला की, जे सुखाने जाते तेच खावे असा धडा शरीर घेते. उदाहरणातली गृहिणी जेवणात अजूनही अर्धीच पोळी खात होती आणि सर्वांना तसे खरेपणाने सांगत होती. पण यजमानांची रात्रपाळी असली की पहाटे त्यांच्याबरोबर चहा-बिस्किटे, मुले शाळेतून आली की त्यांच्याबरोबर मूठभर फरसाण, स्वयंपाक करताना चव पाहावयास चमचा, जेवणे आटोपल्यावर पातेल्यात उरलेले, असे दिवसभर तोंड चालू होते. एका बैठकीला फार खाणे शक्य नव्हते, म्हणून खाणे दिवसभर पसरले होते. शस्त्रक्रियेनंतर परतणाऱ्या वजनामागे हे सततचे थोडेथोडे चरणे वारंवार आढळते.

बायपास झालेल्यांच्या बाबतीत गोडाचा शत्रू आणखी उघड असतो. साखर जठरात न थांबता एकदम आतड्यात उतरली की अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, पोटात मुरडा आणि भोवळ येते. कित्येकदा एक ते तीन तासांनी रक्तातील साखर एकदम घसरून हातपाय थरथरू लागतात. मग ती थरथर थांबविण्यासाठी माणूस पुन्हा गोड खातो, आणि चक्र फिरत राहते. मद्याचेही तसेच. ते अशा रुग्णांच्या रक्तात लवकर आणि अधिक चढते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका पाहणीत शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षी मद्यासक्ती वाढलेली आढळली. एक आधार सुटला की मन दुसरा शोधते, हे त्यावरून दिसते.

तिसरे कारण घराचे आणि समाजाचे आहे. आपल्याकडे जेवण ही एकट्याची गोष्ट नाही. पंक्तीत आग्रह हा सत्काराचा भाग आहे आणि नकार हा अपमान मानला जातो. पोळ्याच्या दिवशी सासूबाई म्हणतात, “सूनबाई, सणाच्या दिवशी नाही म्हणू नये, एक तरी पुरणपोळी घे.” हळदीकुंकवाला शेजारीण म्हणते, “काकू, एवढ्याशा लाडवाने काय होतंय?” त्यांच्या मनात प्रेमच असते. एखाद्या पुरणपोळीने काही होत नाही हेही खरे. पण सणामागून सण, बारसे, साखरपुडा, निरोपसमारंभ अशी मालिका वर्षभर चालते आणि प्रत्येक ठिकाणी फक्त एवढेसेच असते. उपवासाचा दिवस तर अधिक फसवा. साबुदाण्यात पिठूळ अंशाशिवाय जवळजवळ काही नसते. खिचडी मऊ असते, सहज उतरते, आणि ज्याला दिवसाला ठरावीक प्रथिने मिळालीच पाहिजेत त्याचा एक दिवस वाया जातो.

प्रथिनांचा हा हिशेब प्रत्येक रुग्णाने पाठ करण्यासारखा आहे. वजन झपाट्याने उतरत असताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात. ते वाचवावयाचे तर दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावी लागतात. आता लहानशा जठरात हे बसवावयाचे कसे? दोनशे मिलिलिटर दुधात साडेसहा ग्रॅम, दोन अंड्यांत बारा, पन्नास ग्रॅम कोरड्या मुगाच्या उसळीत बारा, पन्नास ग्रॅम पनीरात नऊ, तीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत पंधरा आणि वाटीभर दह्यात तीन-चार ग्रॅम प्रथिने येतात. ही बेरीज साठाच्या जवळ जाते, पण एवढे अन्न पाच-सहा लहान वेळांत विभागले तरच मावते. म्हणून ताटात प्रथम डाळ, उसळ, अंडे किंवा पनीर, त्यानंतर भाजी, आणि जागा उरली तर भात-पोळी, हा क्रम शिकविला जातो. आपल्या ताटाची रचना नेमकी याच्या उलट आहे. आपण भात आणि पोळीने पोट भरतो, वरण-उसळ तोंडी लावतो. दिवसातून दोनच वेळा जेवावे असा जो प्रघात अलीकडे महाराष्ट्रात लोकप्रिय झाला आहे, तोही इतरांना मानवला तरी अशा रुग्णाने वैद्याला विचारल्यावाचून अंगीकारू नये. दोन जेवणांत त्याच्या जठरात साठ ग्रॅम प्रथिने मावत नाहीत.

पाण्याचाही नियम आहे. दिवसभरात सुमारे दीड लिटर पाणी घोटाघोटाने प्यावे, परंतु जेवताना नव्हे. जेवण आणि पाणी यांत अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे. घासाबरोबर पाणी घेतले की अन्न लवकर खाली वाहून जाते आणि तृप्ती टिकत नाही. छत्तीसगढच्या उन्हाळ्यात, तांब्याभर पाणी पुढ्यात घेऊन जेवावयाची सवय असलेल्या माणसाला हा नियम जड जातो. त्याचप्रमाणे प्रत्येक घास बारीक चावून, वीस-पंचवीस मिनिटे स्वस्थ बसून जेवणे, हेही पाळीच्या भोंग्यावर चालणाऱ्या घरात सोपे नाही.

जीवनसत्त्वे आणि क्षार यांकडे झालेले दुर्लक्ष तर मुकाट्याने घात करते. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, ब-बारा जीवनसत्त्व यांच्या गोळ्या किंवा इंजेक्शने आयुष्यभर लागतात. शाकाहारी भारतीयांत ब-बाराची उणीव आधीच पुष्कळ. शस्त्रक्रियेने ती वाढते. वारंवार उलट्या होत राहिल्या तर थायमिन या जीवनसत्त्वाच्या अभावी मज्जासंस्थेला कायमची इजा पोचू शकते. म्हणून अशा उलट्या घरी सोसत बसू नये. वजन उतरले, बरे वाटू लागले, की पहिली सुटते ती गोळी आणि दुसरी सुटते ती तपासणीची तारीख. तरुण स्त्रियांनी शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी असे सांगितले जाते, त्याचेही कारण हेच होय.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. वजन थोडे परतले म्हणजे शस्त्रक्रिया फसली काय, आणि दोष कोणाचा? स्वीडनच्या त्याच अभ्यासातील आकडे येथे उपयोगी पडतात. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत मूळच्या ३२ टक्क्यांनी घटले होते. दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. जठराला पट्टा बांधलेल्यांत ती २० वरून १४ टक्क्यांवर आली. म्हणजे काही वजन परतणे हा नियमच आहे, अपवाद नव्हे. आणि परतूनही बराचसा लाभ टिकतो. उदाहरणातली गृहिणी १०८ वरून ७८ वर गेली आणि ८४ वर आली, तर चोवीस किलोंची मिळकत तिच्या पदरी अजून शिल्लक होती. परंतु तिला दिसत होते ते गेलेले सहा किलो. एवढा खर्च करून, एवढी चिरफाड करून, शेवटी जिभेवर ताबा नाहीच, असे लोक म्हणतील ही भीती तिच्या मनात होती. म्हणून तिने काटा टाळला, तपासणी टाळली आणि फरसाण एकटीने, दार लोटून खाल्ले. लाज वाटली की माणूस लपवितो, आणि लपविलेल्या गोष्टीवर इलाज होत नाही. सहा किलोंपेक्षा ही लाज अधिक घातक ठरते.

उपाय असा की, वजन तीन-चार किलो परतताच, पंधरा-वीस किलोंची वाट न पाहता, शल्यवैद्य आणि आहारतज्ज्ञ यांच्याकडे जावे. ते ओरडण्यासाठी बसलेले नाहीत. जठराची नळी सैलावली आहे काय, छातीत आंबट वर येते काय, दुसऱ्या विकारावरील एखादे औषध वजन वाढवीत आहे काय, हे ते पाहू शकतात. भूक कमी करणारी नवी औषधेही आता उपलब्ध आहेत. २०२५ मध्ये तिर्झेपाटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड भारतात विक्रीस आले. कोणाला ती द्यावीत हे वैद्याने ठरवावे. परंतु तीही घेत असेपर्यंतच गुण देतात, हे ध्यानात असावे. मन उदास असेल, जेवणावरचा ताबा सुटल्यासारखे वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घेण्यात कमीपणा नाही.

उपायाचा दुसरा भाग घरातल्यांच्या हाती आहे. आठवडाभर, खाल्लेली प्रत्येक वस्तू वहीत लिहिली तर दिवसभराचे चरणे डोळ्यांपुढे येते. तशी वही गृहिणीने एकटीने लिहिण्याऐवजी यजमानांनीही स्वतःची लिहावी. रात्रपाळीहून आल्यावर बिस्किटांऐवजी उकडलेले अंडे किंवा मुगाचा चीला झाला, तर तो यजमानांनाही हितकर आहे. फरसाणाचा डबा नजरेसमोरच्या फळीवरून हलला तर मुलांचेही काही बिघडत नाही. चव पाहावयाचे काम मुलीने किंवा सासूबाईंनी घ्यावे. सणाला एक पुरणपोळी सर्वांबरोबर, ताटात वाढून, सावकाश खावी. चोरून चार तुकडे खाण्यापेक्षा ती बरी. आणि पंक्तीत आग्रह करावयाचाच तर, “एवढे पुरे झाले ना? मग थांब,” असा करावा. पुरे म्हणणाऱ्याचा मान राखणे हाही सत्कारच आहे.

या दुरुस्तीतून वजन पुन्हा ७८ वर येईलच, असे कोणी सांगू नये. कदाचित ते ८१-८२ वर थांबेल. मधुमेह ताब्यात राहील, गुडघे चालतील, टेकडी पुढच्या वर्षीही चढता येईल. ज्या शरीराचा भार १०८ किलो होता, त्याच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हे. शल्यवैद्याने आपले काम दोन-तीन तासांत केले. त्याने जठर लहान केले. सवय लहान करणे त्याच्या सुरीच्या आवाक्यातले नव्हते. ते काम स्वयंपाकघरात, रोज, दर जेवणाला करावयाचे असते आणि ते कधी संपत नाही. नंदिनीच्या खाणीतून भिलाईकडे चुनखडी जाते, ती काल गेली होती म्हणून आज थांबत नाही. भट्टीला आज नवे खनिज आहे, म्हणून तिला आजची चुनखडी हवी.